हरलेल्या चिठ्ठीची किंमत किती? शिकारीचा टॅग, गिरणीचं घर आणि मेढ्याची रांग

केळघर घाटात रेंज गेली आणि ज्यांचा भाग अर्ध्यात तुटला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना काही आकडे भराभर निघून गेले होते, ते इथे नीट दिलेत.

आज इतिहास मुंबईतल्या गिरण्यांचा आहे, पण सुरुवात करायचीय अमेरिकेतल्या हरणापासून. थांबा, बंद करू नका. दहा मिनिटांत मेढ्याच्या स्टँडवर आणून सोडतो.

अमेरिकेत कोलोराडो नावाचं राज्य आहे. तिथे एल्क नावाचं हरीण असतं, आपल्या सांबराहून बरंच मोठं. त्याची शिकार करायला परवानगी आहे, पण कुणीही उठून बंदूक घेऊन जाऊ शकत नाही. कुठल्या भागात, कुठल्या हंगामात किती जनावरं मारली तर कळपाला धोका नाही, हे सरकार ठरवतं आणि तेवढेच परवाने काढतं. त्या परवान्याला म्हणतात टॅग. एक टॅग, एक जनावर. चांगल्या जंगलांसाठी टॅग थोडे आणि मागणारे भरपूर. मग वाटायचे कसे?

कोलोराडोने काढलेली युक्ती अशी. अर्ज करा. नंबर नाही लागला, तर तुम्हाला एक पॉइंट. पुढच्या वर्षी पुन्हा नाही लागला, आणखी एक. ज्याचे पॉइंट जास्त, त्याला टॅग आधी. टॅग लागला की पॉइंट शून्य, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे हरण्यालाही किंमत आहे. थांबलात, तर त्या थांबण्याची कुठेतरी नोंद होते.

ऐकायला किती बरं वाटतं ना? आता त्यातली गोम बघा. दरवर्षी नवे लोक अर्ज करतात, आणि टॅग तेवढेच. काही जण तर त्या वर्षी शिकारीला जायचंच नाही, तरी नुसता पॉइंट जमवायला अर्ज टाकतात. मग गेल्या वर्षी पाच पॉइंटला लागणारा टॅग यंदा सहाला लागतो, पुढे सातला. सगळ्यात नावाजलेल्या जंगलांसाठी आता वीस वर्षांपेक्षा जास्त थांबावं लागतं. अठरा वर्षांचा पोरगा आज रांगेत उभा राहिला, तर चाळिशीतही नंबर लागेलच असं नाही, कारण तो एक पाऊल पुढे टाकतो तोवर रांगेचं तोंडही एक पाऊल पुढे सरकलेलं असतं.

शेजारच्या न्यू मेक्सिकोने म्हणून पॉइंट ठेवलेच नाहीत. सरळ चिठ्ठी. पन्नास वर्षं अर्ज करणारा आणि काल अर्ज केलेला, दोघांची एकेक चिठ्ठी. नेवाडाने मधला रस्ता काढला: जितके पॉइंट, त्याचा वर्ग करायचा, त्यात एक मिळवायचा, आणि तितक्या चिठ्ठ्या तुमच्या नावाने टाकायच्या. पाच पॉइंट असतील तर सव्वीस चिठ्ठ्या. जुन्या माणसाला वजन मिळतं, आणि नव्याची एक का होईना चिठ्ठी पेटीत असते.

तुम्ही म्हणाल, आमच्या जावळीत याचं काय? इथे तर सांबराकडे डोळे वर करून बघायची सोय नाही. खरंय. १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी कायद्यात शिकारीचे परवाने होते. १९७२ चा केंद्राचा कायदा आला, दार बंद होत गेलं, आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे परवाने संपलेच. पलीकडे १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. टॅग वगैरे आपल्याकडे नाही, आणि नाही तेच बरं.

पण थोडी वस्तू आणि मोठी रांग, हे गणित मेढ्याला नवीन नाही. या तालुक्याच्या कितीतरी घरांनी एक टॅग मागितलाय. जनावराचा नाही. मुंबईतल्या २२५ चौरस फूट घराचा.

थोडं मागे जाऊ. जावळीचा डोंगराळ भाग म्हणजे पाऊस धो धो आणि जमीन तुकड्या-तुकड्यांची. भात, नाचणी, वरी. घरातल्या दोन पोरांचं त्यावर भागतं, चौथ्याचं भागत नाही. तो चौथा मुंबईला जायचा. १८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली, आणि पुढच्या शंभर वर्षांत कोकण आणि घाटावरच्या गावांनी या गिरण्यांना माणसं पुरवली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर. कुणी गोदीत आणि बाजारात ओझी उचलायला गेले (माथाडींची गोष्ट वेगळा भाग करून सांगायची आहे, ती इथे नको), आणि कुणी गिरणीत साच्यावर. राहायला परळ-लालबागकडच्या चाळीत गावाच्या नावाची एक खोली. एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणसं. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या वळकटीच्या जागी रात्रपाळीचा आडवा व्हायचा. झोपसुद्धा नंबराने.

आणि नोकरी? ती तर पहिल्यापासूनच रांग होती.

गिरणीत गेल्या गेल्या कुणी कायम होत नसे. आधी ‘बदली’ व्हायचं. रोज पाळीच्या वेळी दारात उभं राहायचं. आत कुणी कायमचा कामगार गैरहजर असेल तर त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरतं काम. नसेल तर परत खोलीवर. मग दारात उभ्या असलेल्या पन्नास जणांतून कुणाला आत घ्यायचं, हे कोण ठरवणार? जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम. त्याच्या मर्जीवर सगळं. तो आपल्या गावचा, आपल्या भावकीतला असेल तर भाग्य उघडलं. नसेल तर त्याचा हात ओला करायचा, त्याला ‘दस्तुरी’ असं भारदस्त नावही होतं. आज आपण याला सरळ भ्रष्टाचार म्हणू. पण एक मान्य करायला हवं: गावाकडून पहिल्यांदा आलेल्या, कुणाला ओळखत नसलेल्या पोराला तोच जॉबर खोली दाखवायचा, उसने पैसे द्यायचा, कामाला लावायचा. ज्याचा कुणी जॉबर नव्हता त्याच्यासाठी मात्र ती रांग नव्हतीच, ती भिंत होती.

१९३१ मध्ये कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनचा अहवाल आला, त्यात जॉबरच्या या सत्तेवर कडक टीका होती. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्ड द्यायची योजना सुरू केली. महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक लोकांना कार्ड, रोज सकाळी त्यांनी हजर राहायचं, आणि आत घ्यायचं ते कार्डवाल्यांमधूनच. नियमित आलेल्याचा, जुन्याचा हक्क आधी.

ओळखीचं वाटतंय ना? कोलोराडोचा पॉइंट, बरं का. आज काम मिळालं नाही, पण आलास याची नोंद आहे. जॉबरच्या मर्जीच्या जागी हजेरीचं गणित आलं. जॉबर लगेच संपला असं नाही, कागदावरचा नियम आणि दारावरची वागणूक यात अंतर राहिलंच. तरी थांबण्याला किंमत असते, ही गोष्ट गिरणीच्या दारात पहिल्यांदा कुणीतरी लिहून दिली.

पण पॉइंटची जी खोड अमेरिकेत दिसते, ती इथेही होती. कायमच्या जागा वाढल्या नाहीत तर रांग लांबते. वर्षानुवर्षं बदलीच राहिलेली माणसं गिरणीत हजारोंनी होती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीच्या जोडीला बदलींना कायम करा हीसुद्धा मागणी होती. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. बरेच लोक गावी परतले, जावळीतही परतले, आणि ज्यांनी उभं आयुष्य नंबर लागायची वाट पाहिली त्यांच्यासमोर रांगच उरली नाही.

उरली ती जमीन. मुंबईच्या मधोमध, गिरण्यांखालची, सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियमावलीत असं होतं की गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, इमारती पाडून मोकळी होणारी त्यात धरायची नाही. एका वाक्याचा बदल, आणि कामगारांच्या घरांसाठी मिळणारी जमीन कितीतरी आक्रसली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला.

म्हणजे टॅग किती, हे इथे ठरलं. हरणांची संख्या बघून नाही, वाटणीचा नियम बदलून. पुढची सगळी चर्चा ऐकताना हे डोक्यात ठेवा.

मग अर्ज मागवले. अट अशी की कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असायला हवा. तो हयात नसेल तर त्याचा वारस अर्ज करू शकतो. अर्ज झाले सुमारे १ लाख ७४ हजार. आणि घरं? २०१२ च्या सोडतीत ६,९२५. २०१६ मध्ये दोन सोडती, एकीत २,६३४ आणि पनवेलजवळच्या कोनमधली २,४१७. २०२० मध्ये ३,८९४. बेरीज १५,८७०. अकरा अर्जांमागे एक घर.

वाटप सोडतीने. म्हणजे न्यू मेक्सिको. शुद्ध चिठ्ठी.

आता एक समजा. समजा केळघर खोऱ्यातले दोघे. एक १९६२ मध्ये बदली म्हणून लागला, दहा वर्षांनी कायम झाला, वीस वर्षं साचा चालवून संपात गावी आला. दुसरा १९८१ मध्ये लागला, काही महिने काम केलं आणि संप. दोघांचा अर्ज मंजूर. २०१२ च्या सोडतीत पहिला सत्तरीला टेकलेला, दुसरा पन्नाशीत. दोघांची एकेक चिठ्ठी. दोघांना लागलं नाही. २०१६ मध्ये पुन्हा एकेक. २०२० मध्ये पुन्हा एकेक. पहिल्याला ऐंशी वर्षं होत आली तरी त्याच्या चिठ्ठीचं वजन तेवढंच. दरम्यान तो गेला, तर मुलाच्या नावाने तीच एक चिठ्ठी.

गंमत बघा. कोलोराडोत पॉइंट माणसाबरोबर मरतात, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. आपल्याकडे अर्जाला वारस आहे, पण त्यात वारशाला देण्यासारखं काही साठतच नाही.

हा अन्याय आहे का? माझं मत सांगतो, पटलं नाही तर जरूर भांडा.

चिठ्ठीवर लोकांचा विश्वास का बसतो, हे आधी समजून घेऊ. गावाकडे भावाभावांची वाटणी होते तेव्हा चिठ्ठ्या टाकतात, एखाद्या लहान पोराला उचलायला लावतात. कुणी कुरकुर करत नाही. पण तिथे आधी जमिनीचे सारखे वाटे पाडलेले असतात. ओढ्याकाठचा कुणाला आणि माळाचा कुणाला, एवढंच चिठ्ठी ठरवते. रिकाम्या हाताने कुणी घरी जात नाही. गिरणीच्या सोडतीत मात्र अकरातल्या एकाला घर आणि दहांना शून्य. पद्धत तीच दिसते, पण काम वेगळं करते. वाटणीतल्या चिठ्ठीचा जुना विश्वास आपण या सोडतीला उधार दिलाय.

दुसरं, चिठ्ठीत कुणाला हात घालता येत नाही. ज्या माणसांनी जॉबरच्या मर्जीत तारुण्य काढलं त्यांना संगणकाची सोडत, सगळ्यांसमोर, ही मोठी गोष्ट वाटणारच. पॉइंट म्हटलं की ते कुणीतरी मोजणार. सेवा किती वर्षं, बदली म्हणून किती दिवस, पुरावा काय. चाळीस वर्षांपूर्वीचा कागद कुणाकडे असतो? ज्याने पीएफची पावती, गिरणीचं तिकीट ट्रंकेत जपून ठेवलं त्याला पॉइंट, आणि ज्याची खोली पावसात गळाली त्याला नाही. बदली राहिलेल्यांचा कागद तर सगळ्यात कच्चा. सेवेचे पॉइंट द्यायला गेलो तर ज्यांनी सगळ्यात जास्त वाट पाहिली तेच मागे पडायची भीती. चिठ्ठीच्या बाजूचा माझ्या मते हा सगळ्यात भक्कम मुद्दा.

पण वयाचा पुरावा असतो. आणि आधीच्या सोडतीत नाव होतं की नाही, हे तर म्हाडाच्या स्वतःच्याच यादीत असतं, त्याला कामगाराच्या ट्रंकेची गरज नाही. हरलेल्या प्रत्येक सोडतीमागे एक जादा चिठ्ठी, नेवाडासारखी, हे त्या संगणकाला काही अवघड नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, पहिल्या दिवशी अर्ज केलेले सगळे सारखेच हरणार, मग सगळ्यांनाच जादा चिठ्ठी, फरक काय पडला? बरोबर. जे मागाहून आले त्यांच्या तुलनेत थोडा फरक पडला असता, बाकी नाही. म्हणून खरा मुद्दा वयाचा आहे.

आणि इथेच शिकारीचा टॅग आणि गिरणीचं घर यांचे रस्ते फुटतात. अमेरिकेत पॉइंटवरचा मोठा आक्षेप कोणता? नव्या पोरांवर अन्याय. रांग कधी संपत नाही, दरवर्षी नवे येतात, आणि जुन्यांना झुकतं माप म्हणजे नव्यांना बंद दार. तो आक्षेप मला पटतो. पण गिरणी कामगारांच्या रांगेत नवं कोण येणार होतं? १९८२ ची तारीख घालून रांगेचं शेपूट कधीच बांधून टाकलं होतं. त्यात कुणी अठरा वर्षांचा नव्हता. सगळे म्हातारे होत चाललेले. जी भीती चिठ्ठीला न्याय्य ठरवते, ती भीतीच इथे नव्हती. मग सत्तर ओलांडलेल्या हयात कामगाराला आधी घर आणि वारसांची सोडत नंतर, असं केलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? वारस चिडले असते, हे खरं. विधवा बाईंना वारस म्हणून मागे ठेवायचं का, हा तर फारच टोचणारा प्रश्न. मी त्यांना हयात कामगारांच्याच रांगेत धरलं असतं. घर दोघांनी मिळून चालवलं होतं, मनीऑर्डर मुंबईहून यायची आणि शेत तिने सांभाळलेलं असायचं.

बरं, एवढं करून किती जणांना घर मिळालं असतं? तितक्याच. १५,८७०. पॉइंट असोत, चिठ्ठी असो, नाहीतर जॉबरची मर्जी असो, आकडा बदलत नाही, फक्त माणसं बदलतात. आठ वर्षांत १५,८७०, म्हणजे वर्षाला सुमारे दोन हजार. उरलेल्या दीड लाखांहून जास्त अर्जांना याच वेगाने घर द्यायचं तर साधारण ऐंशी वर्षं. कोलोराडोतल्या सगळ्यात कठीण टॅगपेक्षाही लांब रांग. सोडतीवरून भांडणाऱ्या संघटनांनी म्हणूनच सोडतीपेक्षा जमिनीवर बोट ठेवलं, आणि ते बरोबर होतं. रांगेतल्या माणसांचं लक्ष आपापल्या नंबराकडे असलं की खिडकीत किती तिकिटं आहेत हे कुणी विचारत नाही. तरी दोन्ही प्रश्न विचारावे लागतात, कारण आहेत ती घरं कुणाला जातात हेही कुणाच्या तरी उरलेल्या आयुष्याचं ठरवतं.

आणि नंबर लागला तरी काय. कोनमधल्या घरांची सोडत २०१६ ला निघाली, पण ताबा लांबला, आणि कोविडच्या काळात तीच घरं रुग्णांना ठेवायला घेतली गेली. सोडतीत नाव आलेली माणसंही वर्षानुवर्षं थांबली. त्या थांबण्याचाही पॉइंट नव्हता.

२०२४ मध्ये सरकारने शेलू आणि वांगणी इथे सुमारे ८१ हजार घरांची योजना पुढे आणली. आकडा मोठा आहे, पहिल्यांदाच रांगेच्या जवळपास जाणारा. पण शेलू कर्जतकडे, वांगणी बदलापूरच्या पुढे. लालबाग-परळमध्ये घाम गाळलेल्यांना घर मुंबईतच हवं, म्हणून संघटनांनी विरोध केला. टॅग मिळतोय, पण दुसऱ्याच जंगलाचा. गावी परतलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसासाठी वांगणी आणि परळ यात फरक आहे का? त्याच्या नातवासाठी नक्की आहे.

तुमच्या घरात कुणी गिरणीत होतं का? असेल तर या रविवारी माळ्यावरची ट्रंक उघडा. गिरणीचं तिकीट, पगाराची पावती, पीएफचा कागद, काहीही सापडलं तरी मोबाईलवर नीट उजेडात फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आजोबा असतील तर त्यांना विचारा, ते बदली किती वर्षं होते. तारीख आठवणार नाही बहुतेक. खात्याचं नाव आणि मुकादमाचं गाव आठवेल. ते लिहून ठेवा, आणि आम्हालाही पाठवा. पुढचा भाग माथाडींचा.